काढून मोजलेला ट्रान्झिस्टर

अर्धापूर,
ता. ९ मार्च २०२५

ती. दयानंददादास,

उज्वलाचा नमस्कार. फोन तू उचलत न्हाईस, म्हणून हे पोस्टात टाकतेय. आम्ही बरे आहोत. केळीला यंदा घड चांगले आहेत. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे? देवणीतलं दुकान पाडव्याला बंद करणार, असं बबितावहिनी म्हणाल्या. ते ऐकलं म्हणून आज लिहायला बसले.

पाकिटात कागदात गुंडाळलेला ट्रान्झिस्टर आहे. तू आमच्या बागेच्या तारेला करून दिलेल्या झटका मशीनमधला. मी तो मीटरवर मोजला. लाल पिन बेसच्या पायावर, काळी बाकीच्या एकेका पायावर: पॉइंट अठ्ठावन्न, पॉइंट एकोणसाठ. पिना उलट्या केल्या, काहीच न्हाई. उरलेल्या दोन पायांत दोन्हीकडून काहीच न्हाई. एकदम चांगला हाय, दादा.

तीन वर्षांमागं त्या दिवशी डुकरांनी अर्धी बाग लोळवली होती. तारेला झटकाच न्हवता. तू देवणीहून धावत आलास. मी मशीन उघडून ट्रान्झिस्टरला मीटर टेकवलं अन् ते वाजलं. तू म्हणालास, "उजा, आधी काढून मोज." शेजारच्या कॉइलमुळंही मीटर वाजतं, हे तूच शिकवलेलं. तरी सगळ्यांसमोर मी म्हणाले, "काढायचं काय त्यात? शॉर्ट हाय. जुना घातलाय." मामंजी तुझ्यावर कडाडले, "सख्ख्या बहिणीलाबी फसवलंस का रे?"

तू चहाही न घेता गेलास. मग नायगावपर्यंत बोभाटा झाला. लोकांनी तुझ्या मशिनी आणून तुझ्याच दारात टाकल्या.

आता खरं लिहिते. मोजला तो आज न्हाई. तू गेल्यावर तिसऱ्याच दिवशी. नवा ट्रान्झिस्टर घातला तरी तार मेलेलीच, म्हणून जुना हातात घेतला. तीन वर्षं तो माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहे.

अन् बिघाड कुठं होता माहीत हाय? जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या गजापाशी रोज घागरभर पाणी ओतायचं तू मला दहादा बजावलं होतंस. पंधरा दिवस मी ओतलंच न्हवतं. माती कोरडीठाक, झटका लागणार कसा? गुपचूप दोन घागरी ओतल्या, तार लागलीच झटका द्यायला लागली. घरात लई कौतुक झालं, सूनबाईनं दुरुस्त केली म्हणून. मी ते ऐकून घेतलं.

अकरा वर्षांत या घरात मला कुणी काही विचारलं न्हवतं, दादा. त्या दिवशी दहा माणसं माझ्या हातातल्या मीटरकडं बघून राहिली होती. मामंजी म्हणाले, "सूनबाई सांगंल ते खरं." तेवढं मला सोडवेना. त्यापायी तुझं नाव घालवलं. मेली मी लाजेनं.

काल मामंजी, शेजारचे ग्यानोबाकाका, तेव्हा होते तेवढे सगळे बागेत बोलावले अन् तोंडानं सांगितलं. मामंजींनी एवढंच विचारलं, "मग तीन साल गप का बसलीस?" त्याचं उत्तर तुला वर लिहिलंय. ज्यांनी मशिनी परत केल्या, त्यांच्याकडं उद्यापासून जाते. आधी नायगाव.

माफ कर म्हणायला जीभ उचलत न्हाई. दुकान बंद करण्याआधी एवढं कर, हा ट्रान्झिस्टर तुझ्या मीटरवर तू स्वतः मोज. माझ्या सांगण्यावर जाऊ नको.

तुझ्याच हाताखाली शिकलेली, अन् तुझंच न ऐकलेली,
उजा