विश्वासू मिस्त्री

मंगळवार, डोंबिवली

आमची मोरी फोडून मिस्त्री गेला तो गेलाच. लुळ्या सासूबाईंना स्वयंपाकघरात, साडीच्या आडोशाला आंघोळ घालते. त्या लाजेनं डोळे मिटून घेतात.

आज त्याला ठाकुर्लीत गाठलं. एका घरी मोरीचं माप घेत होता. हळूच म्हणाला, "वहिनी, इथं माझं नाव खराब करू नका. उद्या नक्की येतो."

तेवढ्यात घरमालकीण आली. "तुमच्याकडे काम केलंय ना यानं? विश्वासू आहे ना? आमचे सासरे अंथरुणाला खिळलेत, म्हणून विचारते."

सासूबाईंचे ते मिटलेले डोळे आठवले. दुसरं काय सांगणार होते मी?

"अगदी विश्वासू," म्हटलं.

"मग परवा आमची मोरी फोडायला हरकत नाही," म्हणाली बिचारी. वर मला आग्रहानं चहा पाजला.