खडूच्या तीन वाटा

ता. ४ डिसेंबर

सौ. पडली. सकाळी. फरशी नुकती पुसलेली, ओली, आणि ही स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन येत होती. गुडघ्याला मार. हाड शाबूत, देवाची कृपा. कर्जतच्या डॉक्टरांनी पट्टी बांधली, मग मला बाहेर बोलावून म्हणाले, "आता पुन्हा पडू देऊ नका. या वयात खुबा गेला की माणूस उठत नाही."

काचबिंदूने चार वर्षांपूर्वी तिचे दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून या दोन खोल्यांत तिने कोणाचा हात धरलेला नाही. चहासुद्धा स्वतः करते. आज दवाखान्याच्या पायऱ्यांवर धरला, तोही दोन बोटांनी.

पुण्याहून विनयचा फोन. "बाबा, मी कार्पेट पाठवतो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घसरायचा प्रश्नच नको." पोराचं बरोबर आहे.

ता. ८, रविवार

टेंपोतून कार्पेटची गुंडाळी आली. हिरवं. रुंदी खोलीला पुरत नाही, मधे जोड द्यावा लागणार. विनयने साजगावच्या नामदेव मिस्त्रीला सांगून ठेवलं होतं. खालापूरच्या कचेऱ्या, माथेरानची हॉटेलं, सगळीकडे म्हणे याचाच हात. टेप काढून मापं घ्यायला लागला तसा मी म्हटलं, राहू दे, मीच बसवीन.

"काका, कवा केलंय का?"

केलं नाही, पण पाहिलंय. माथेरानला हॉटेलाचं स्टोअर एकतीस वर्षं सांभाळलं. दर दिवाळीआधी पावसाने कुजलेली कार्पेटं निघायची, नवी बसायची.

"बगून येत असतं काका, तर माथेरानचं घोडं एव्हाना म्यानेजर झालं असतं."

राग आला. चहा देऊन पाठवून दिला.

त्या हिरव्या रंगाने चौथीच्या पुस्तकातली कुरणावरची कविता आठवली. आमचे गुरुजी सांगायचे, डोळे मिटून म्हणा, म्हणजे दिसेल. दुपारी ते जुनं पुस्तक काढून, नेहमीसारखं खिडकीपाशी खुर्चीत बसून मोठ्याने वाचली. वाचता वाचता कळलं, सौ. लंगडत येऊन मागे उभी आहे. मी वाचत असलो की अशी येते अधूनमधून. न्हाणीघराकडे जाताना वाट चुकत असेल.

ता. ९

दिवसभर गुडघ्यांवर. पाठ धरली. कडेकडेने ठीक बसलं, मधला जोड काही जमेना. एक तुकडा दोन बोटं जास्त, कापायला गेलो तर वाकडा गेला. शेवटी एकावर एक चढवून खालून टेप मारली. पलंगाच्या पुढ्यात उंचवटा राहिला आहे थोडा. चालून चालून बसेल.

सौ. पलंगावर बसून ऐकत होती. "झालं का हो?" तीनदा. झालं म्हटलं. दारात उभं राहून पाहिलं. हिरवंगार. कुरणच. डोळे भरून आले. हल्ली येतात.

ता. १०

सकाळी सौ.ने पलंगावरून पाय खाली टेकले. उभी राहिली. उभीच राहिली.

"चल की."

"कुठं?" म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अहो, इथं काहीच नाही."

शहाबादी फरशीच्या सांध्यांवरून चालत होती ती. पलंगापासून पाचवा सांधा ओलांडला की समोर टवका उडालेली फरशी. तो टवका अंगठ्याला लागला की सरळ गेलं तर स्वयंपाकघर, डावीकडे वळलं तर न्हाणीघर. चार वर्षं. मला ठाऊक नव्हतं, आज तिने सांगितलं. खोलीची लांबी घेतली, रुंदी घेतली, जिच्यासाठी घालायचं तिला विचारलं नाही.

हात धरून न्हाणीघरापर्यंत नेलं. दाराबाहेर थांबलो. आतून म्हणाली, "जा तुम्ही, मी हाक मारीन." हाक बराच वेळ मारली नाही.

ता. १२

चहा मी करतो. साखर जास्त पडते. ती काही म्हणत नाही. पूर्वी म्हणाली असती.

दुपारी तीच कविता वाचली. मागे कोणी नव्हतं. तेवढ्यावरच पुस्तक मिटलं.

ता. १४

सकाळी सौ. एकटीच उठली. मी पाहतोय हे तिला कळू दिलं नाही. उंचवट्यावर पाय पडला तशी थांबली. "ही घडी कसली हो?" जोड आहे, म्हटलं. पुन्हा मागे गेली, पुन्हा आली, मनात काही मोजलं. जोडापासून सहा पावलं. स्वयंपाकघर. चहा तिने केला. साखर बेताची.

केवढा आनंद झाला. माझ्या बिघडलेल्या कामाने तिला वाट दिली, विनयला हे सांगायचंच, असं ठरवत होतो…

संध्याकाळी त्याच उंचवट्यात अंगठा अडकला. हाताला कपाट लागलं म्हणून बचावली. दुखऱ्याच गुडघ्यावर जाणार होती. तिला पलंगावर बसवलं. मग मीच नामदेवला फोन केला.

ता. १६

नामदेव आला. जोडावरून तळवा फिरवला. "काका, ह्यो जोड हाय का शेताचा बांध?" मी हसलो नाही. सौ. हसली. किती दिवसांनी.

"आसा सपाट करतो काकू, जोड कुटं हाय ते कळनार पन नाय."

"मला कळायला हवा, भाऊ."

नामदेव उठला. मग डोळे मिटून, हात पुढे न करता, अनवाणी चालायला लागला. तिसऱ्या पावलाला भिंतीवर. कपाळ चोळत म्हणाला, "आदी कशा चालायच्या काकू? वाईच दावा मला."

एवढंच विचारायचं होतं. मला सुचलं नाही.

कार्पेट उचलून गुंडाळलं. सौ. उघड्या फरशीवर उतरली. नामदेव मागून उकिडवा, हातात खडू, प्रत्येक पावलाला खूण. "थांबा. हां, चला." त्याचं म्हणणं, कार्पेट सपाट बसवायचं, आणि तिच्या वाटेवर काथ्याची खरबरीत पट्टी त्यातच कापून बसवायची, वर न येणारी. पायाला कळेल, पाय अडकणार नाही.

पलंग ते स्वयंपाकघर. झाली. टवक्यापासून न्हाणीघर. झाली. "आजून?"

सौ. टवक्यापाशी परत आली. उजवीकडे वळली. न चाचपडता खिडकीकडे. सात पावलं. मग हात पुढे केला, तो नेमका माझ्या खुर्चीच्या पाठीवर.

"हितं काय काम आसतं, काकू?"

"ऐकायचं असतं."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

ता. १७

कार्पेट भिंतीला उभं करून ठेवलं आहे. फरशी पुसणं बंद, खडू जाईल. सौ. सांध्यांवरून फिरते आहे. मी तिच्या एक पाऊल मागे, हात न लावता.

नामदेव गुरुवारी पट्ट्या घेऊन येतो. मी त्याला म्हटलं, दोन तू बसव, तिसरी मी बसवतो. "नको काका. तुमी बांध घालाल, त्यांचा पाय आडकंल. तुमी आपलं खुर्चीत बसा नि वाचा." बरोबर आहे त्याचं. पण ती वाट माझ्याकडे येते. निदान ती तरी…

सौ.ला विचारलं, या वेळी विचारलं, तिसरी कोणी बसवायची? म्हणाली, "सांगते." दिवस गेला, अजून सांगितलेलं नाही.

दुपारी वाचायला बसलो. डोळे पानावर, कान मागे. खुर्ची जागची हलवलेली नाही. खुर्चीच्या पाठीशी खडूचं शेवटचं पाऊल आहे.