तळमजला संध्याकाळच्या वर्गाला

मी, महाविद्यालयाच्या नियोजन विभागातला निवृत्त अधीक्षक, वय एकसष्ट, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणीही मानगुटीवर बसलेलं नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचं रद्द समजावं. त्यात मुलगा सोडून कुणाचा विचारच केला नव्हता.

१. वरचा मजला मुलाला, स्वयंपाकघरासह. शहाण्या, आता तरी गॅस पेटवायला शीक.

२. बावीस वर्षांचे विकास आराखडे माजी प्राचार्यांना पोचवावेत. सगळ्यांवर त्यांची सही आहे, वाचलेला एकही नाही. वर्गखोल्या कागदावर राहिल्या आणि प्रवेशद्वाराची कमान तेवढी उभी राहिली, असं मी भर सभेत बोललो. तेव्हा माझी बढती अडकली ती अडकलीच. आता त्यांना वेळच वेळ आहे, निवांत वाचावेत.

३. हे लिहिताना लाज वाटते. शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांच्या तक्त्यात कारण म्हणून मी दरवर्षी 'वैयक्तिक' लिहीत आलो. काम झटपट उरकायचं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्या यादीत माझी सून निघाली! तिच्यापुढेही तेच लिहिलं आणि घरी येऊन विचारलं, "का गं सोडलंस?"

"बाबा, वर्ग सहाला. हे घरी येतात आठला. पोरीला कुणाकडे ठेवू? तुम्ही तेव्हा फिरायला जाता."

मग यादीतल्या चाळीस जणींना एकेक करून फोन लावले. सव्वीस जणींनी हेच सांगितलं. अहो, माझ्या अख्ख्या नियोजनात लेकरं कुठेच नव्हती!

४. म्हणून तळमजला महाविद्यालयाला. संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्यांची मुलं तिथे सांभाळावीत. माझ्या नावाची पाटी नको, उद्घाटनाची भाषणं तर मुळीच नकोत.

५. देखरेख सुनेने करावी. तिची दोन सत्रं राहिली आहेत, ती तिने पुरी करावीत. ही अट नव्हे, विनवणी आहे.

इथवर वाचून साक्षीदार ग्रंथपालबाई म्हणाल्या, "म्हणजे सूनबाईंनी तुम्ही जाईपर्यंत थांबायचं का हो?" मी पेन पुन्हा उघडलं. सबब,

६. कलम चार आणि पाच उद्यापासूनच लागू. माझ्या हयातीत मुलं मी सांभाळीन, शेंबूड पुसण्यासकट. सूनबाई, पोरगी माझ्याकडे दे आणि वर्गात जा.

ठिकाण: राहतं घर, तळमजला
दिनांक: नवं सत्र सुरू होण्याच्या आदला दिवस

सही: अधीक्षक (निवृत्त)
साक्षीदार: ग्रंथपाल, शेजारचे डॉक्टर