चिंचेने घासलेली जाळी

लवळे, ४ मे २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून कैलासदादाच्या रिक्षातून पत्र आणि गाळणी पाठवते. आत तांब्याची जाळी आहे. ती पाण्यातले विषाणू निकामी करते. आमच्या प्रयोगशाळेत मी बारा वेळा तपासली आहे. भाड्याच्या खोल्यांचं सांडपाणी आपल्या विहिरीत झिरपतंय, अशी मला शंका आहे, आणि गौतमीवहिनीला सहावा महिना. सगळ्यांनी गाळलेलंच पाणी प्या. रोज पातेलंभर उकळतेस ते थांबव, आता गरज नाही.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी किमया

नेरे, २६ मे

चि. किमयास अनेक आशीर्वाद.

गाळणी झ्याक हाय, गॅस बी वाचतुया. पर जाळी पार काळी दिसत व्हती. काल गौतमीचं डोहाळजेवण. बाया म्हनल्या असत्या, जयाच्या घरात तांबं घासत न्हाईत व्हय? चिंच-मीठ लावून लख्ख केली. गौतमी हसली, म्हनली, आत्याबाई, आता ह्यात बघून कुकू लावते. तू आली न्हाईस. तुजं काम कदी सरतंय?

जिवाला जप.
तुजी आई

नेरे, १२ जुलै

चि. किमयास आशीर्वाद.

गौतमीला जाऊन आज धा दिस झालं. बाळ बी न्हाई. डाक्टर म्हनले, कावीळ पान्यातनं आली, पोटुशीला ती झेपत न्हाई. तू रोहितला फोनवर इचारलंस, जाळी कुनी घासली का, तवापासून त्यो माज्याशी बोलत न्हाई. माज्या हातचं जेवत न्हाई. जाळी धाडलीय. खरं काय ते लिव. मी मारली का तिला?

आई

लवळे, २१ जुलै

ती. आईस,
शि. सा. न.

जाळी तपासली. विषाणू निकामी करायचा तो आम्ही तिच्यावर मुद्दाम चढवलेला काळपट थरच. चिंचेने तो गेला. उजळ जाळीतून जवळजवळ सगळे विषाणू तसेच खाली उतरले. हे लपवत नाही.

पण घासू नये, हे मी लिहिलं नव्हतं. घरात कार्य असलं की तांबं घासतात, हे तुझ्याच घरात वाढून माझ्या ध्यानात आलं नाही. प्रयोगशाळेत जाळी कोणी घासत नाही. माझ्या बाराही चाचण्या तिथल्याच. आणि उकळणं थांबव, हे मात्र मी लिहिलं. तू उकळत राहिली असतीस, तर घासूनही बिघडलं नसतं. ती चूक माझी.

हे रोहितदादाला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी प्रश्न विचारला आणि फोन ठेवला.

हे पत्र त्याच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस. माझ्याविरुद्धची वाक्यं तू सोडून देशील. मी घरी यायचं की नाही, ते त्याला ठरवू दे.

लोभ पूर्वीसारखा राहील, असं धरून चालत नाही.
किमया