‘अजिबात’ या शब्दाविरुद्ध दावा

५ फेब्रुवारी १९८६ (७ तारखेला लिहितोय)
अब्रूवर हल्ला! अंधेरीच्या बाटल्यांच्या कंपनीत स्टोअरकीपरची नोकरी जवळजवळ ठरली होती. तिथला क्लार्क नंदू, माझा शाळेपासूनचा दोस्त, आज म्हणाला, यार, तुझी वाट लागली. कंपनीने माझ्या जुन्या शेठकडे माझी चौकशी केली होती. घाटकोपरच्या बिजागऱ्यांच्या कारखान्याचे हे दशरथशेठ. त्यांनी लिहिलंय, विद्याधर प्रामाणिक आहे, अक्षर सुंदर आहे, वेळेचं भान अजिबात नाही. नंदूने पत्रच दाखवलं. वर ते पोचल्याचा शिक्का: ३ फेब्रुवारी.
अजिबात! गेल्या जूनमध्ये मी एकदा आठच्या आधी गेटवर हजर होतो. रविवार होता, म्हणून कुणी पाहिलं नाही.
केस करणार. उद्या पहाटे पाचला उठून तयारी.

८ फेब्रुवारी, पहाटे पाच (घड्याळात दहा चाळीस)
समोरच्या विंगमधल्या नलिनीबाई वकिलांकडे गेलो. त्या म्हणाल्या, खोटं लिहून नुकसान केलं असेल तर बदनामीचा दावा लावता येतो. आधी नोटीस पाठवू. पण पत्र पोचल्यापासून वर्षाच्या आत दावा दाखल झाला पाहिजे, नाहीतर कोर्ट उभं करत नाही.
वर्ष! तेवढ्यात लोक बंगला बांधतात. बाई उगाच घाबरवतात.
मग त्यांनी विचारलं, पत्र खोटं आहे ना? मी म्हणालो, ‘अजिबात’ हा शब्द खोटा आहे. त्या बराच वेळ पेन्सिलीला टोक करत बसल्या.

१९ एप्रिल
नोटीस गेली. मार्चपासून तयार होती, माझी सही तेवढी राहिली होती. कुंदा म्हणते, मी ब्लाउज शिवून घर किती दिवस ओढू, दुसरी नोकरी बघ. बायकोला तत्त्व कळत नाही.

२ मे
दशरथशेठ टरकले! निरोप आला: सोमवारी दहाला ये, जुनं पत्र मागे घेतो, नवं लिहून ठेवलंय. अकराला गावी निघतोय. अंधेरीला अजून बदली माणसावर चाललंय. नंदू म्हणतो, पत्र बदललं तर जागा तुझीच. झकास!

५ मे
सव्वाअकराला पोचलो. शर्टाला दोनदा इस्त्री करावी लागली. वक्तशीर माणूस चुरगळलेला बरा दिसतो का? शेठ निघून गेले होते. वॉचमन काशीराम म्हणाला, जाताना नवं पत्र फाडून गेले. पंधरा मिनिटं थांबायची माणुसकी नाही!
आता तडजोड नाही. कोर्टच.

१४ ऑगस्ट
साक्षीदार मिळाला. काशीरामला चहा पाजला. म्हणाला, कोर्टात छातीठोकपणे सांगेन, सगळे आत गेल्यावर फक्त या विद्याधरसाहेबांसाठी मी रोज परत गेट उघडायचो. माणसं अजून शिल्लक आहेत जगात.
नलिनीबाईंनी त्याचं नाव खोडलं. का, ते सांगितलं नाही.

२२ सप्टेंबर
पितृपक्ष. पितृपक्षात कोणी दावा लावतं का?

१९ नोव्हेंबर
दिवाळीची कोर्टाला सुट्टी होती. संपली म्हणे. मला कुणी कळवलं नाही.

१२ जानेवारी १९८७
नलिनीबाई स्वतः दारात. दावा टाइप करून ठेवलाय, तुमची सही आणि मूळ कागद तेवढे आणून द्या, म्हणाल्या. कुंदा लगेच उठली, म्हणाली, मी आत्ता पोचवते, जिना तर उतरायचाय. मी फाइल घट्ट धरून ठेवली. वक्तशीरपणाच्या केसचे कागद बायकोने पोचवायचे? शिवाय संक्रांत तोंडावर आहे.

२ फेब्रुवारी
नंदू धापा टाकत आला. सोमवारी बदली माणसाला पर्मनंट करणार. पण मोठे साहेब म्हणाले, तुझ्या दोस्ताने खरंच दावा लावला असेल तर कोर्टाची पावती दाखव, मी थांबतो. नंदू मला हात जोडून म्हणाला, उद्या जा रे बाबा.
लोक फार घाबरतात. मी पत्र पाहिलं ५ तारखेला, म्हणजे वर्ष संपणार ५ तारखेला. ४ ला दहाच्या ठोक्याला जातो, वर एक दिवस हातात. आणि म्हणे मला वेळेचं भान नाही! उद्या फाइलला नवी लाल नाडी आणायची.

४ फेब्रुवारी
दहाच्या ठोक्याला बेल वाजवली. दाढी, इस्त्री, फाइल, नाडी. नलिनीबाईंनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघायच्या आधी कॅलेंडरकडे बघितलं.
वर्ष पत्र पोचल्यापासून मोजतात, मी वाचल्यापासून नाही. मुदत काल संपली. काल त्या दोनदा येऊन गेल्या. मी मुलुंड मार्केटात नाडी निवडत होतो. सहीशिवाय त्या काही करू शकत नव्हत्या.
मी तिथेच उभा राहून कारण शोधत होतो. वर्षात पहिल्यांदाच एकही सुचेना. नोकरी गेली. फार वाईट वाटलं.
शेवटी म्हणालो, निदान आज मी वेळेवर आलो, एवढं तरी लिहून द्या. त्यांनी खरंच लेटरहेडवर लिहून दिलं: श्री. विद्याधर बरोबर दहा वाजता हजर झाले. खाली सही, शिक्का.
घरी येऊन कुंदाला दाखवलं. तिने शिवणयंत्र थांबवलं, कागद हातात घेतला आणि फक्त तारीख वाचली.