हात न लावलेली मान

आई, काल माझ्या मानेला पट्टा लागला. तुझ्यासारखाच, हनुवटीला टोचणारा. मणक्यातली गादी सरकलीय म्हणे. आरशात बघितलं तर तूच दिसलीस, चिडलेली.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. नाशकात अंबडच्या कारखान्यात तू दिवसभर मान खाली घालून मोटारींच्या तांब्याच्या कॉइल गुंडाळायचीस. आधी मान धरली, मग उजव्या हाताला मुंग्या, मग एके दिवशी हातातून पातेलंच सुटलं. वरण सगळं फरशीवर, आणि तू बघतेयस बोटांकडे. बोटं गेली की नोकरी गेली, आणि आपल्या दोघींचं घर त्याच बोटांवर. ऑपरेशनच्या नावानं तुला कापरं भरायचं. कुणीतरी नांदगावकडचा हाडवैद्य सांगितला, आपण एसटीनं निघालो.

अंगणात बाज टाकलेली. तो एकेकाची मान दोन्ही हातांत धरतो, बोलता बोलता झटका देतो, कट्! माणूस हसत उठतो. तुझा नंबर येतो. हात मानेपर्यंत आलेत. "आडनाव काय म्हनले?" तू सांगतेस, खणखणीत. हात तिथूनच मागे जातात. "तेल देतो. लेकीकडून चोळून घ्या. हात लावायचं काम नाय."

"अहो, बाकीच्यांना लावलात की!" मी ओरडले. तू उठलीस. तेल बाजेवर तसंच ठेवलंस. "चल गं." त्या मेल्याला मी नाशिक येईपर्यंत शिव्या घातल्या.

पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "नशीब समजा. गादी अशी सरकलेली असताना झटका बसला असता तर हात कायमचा लुळा पडला असता." घरी येऊन तू मानेला हात लावून लावून हसलीस. "विटाळानं वाचवलं गं मला!" पट्टा वापरून, मान ताणायला दाराला कप्पी टांगून वजनं लावून, हळूहळू तुझी बोटं परत आली. मला मात्र तुझ्या हसण्याचा संताप आला होता. हसण्यासारखं काय होतं त्यात?

आज इंदिरानगरात फिजिओथेरपीला गेले. डॉक्टर तरुण, गोड बोलणारा. "काकू, मान सैल सोडा," म्हणाला आणि पट्टा काढून हात पुढे केला. त्यानं काहीच विचारलं नव्हतं. तरी मीच आडनाव सांगून टाकलं आणि त्याच्या हाताकडे बघत राहिले.

हात थांबला नाही गं. पण तोवर माझी मान अशी ताठली होती की तो म्हणाला, "काकू, आज काही जमणार नाही. उद्या या."

घरी कुणाला सांगितलं नाही. तू गेलीस तिथला पत्ता नाही, तरी तुलाच सांगतेय. तू हसशील म्हणून.