मोठ्या सरांची विदाई आणि माझं कुलूप

९ जाने.
शाळेच्या ऑफिसात तो फोटो आज पुन्हा बघितला. काच लावून टांगलाय. दोन वर्षांपूर्वीचं विज्ञान प्रदर्शन, जिल्ह्यात पहिला नंबर. मुलांच्या बाजूला वर्षा मॅडम, हातात ढाल. मी कुठंच नाही. चार महिने शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन मी थांबले, मॉडेलची टाकी गळायची, पदरानं पाणी पुसलं. आणि स्टेजवर मोठ्या सरांनी, आमच्या मुख्याध्यापकांनी, नाव पुकारलं ते वर्षाचं, संस्थेच्या सेठजींच्या सुनेचं. ती दोनदा आली, सेल्फी काढून गेली. सरांना बोलले तर म्हणे, "टीमवर्क आहे मॅडम, दिल पे मत लो." घेतलंय. चांगलंच घेतलंय.

१२ जाने.
स्टाफ मीटिंग. सरांचं मोटिव्हेशनवर भाषण. "स्कूल को अपना घर समझो." मी वहीत केळ्यांचे घड काढत बसले. समजत होते की घर, तेव्हा काय मिळालं? आता घंटा झाली की पर्स उचलते.
आठवीतली एक पोरगी मागं आली, "मॅडम, यंदा मॉडेल?" म्हटलं, वर्षा मॅडमना विचार. तोंड उतरलं बिचारीचं. तिचा काय दोष. तरी वळून बघितलं नाही.

१७ जाने.
३१ला मोठे सर रिटायर. विदाईचं सगळं पाटील सरांकडे. शाळेपासून सरांच्या घरापर्यंत ढोल लावून न्यायचं, वाटेत स्टाफपैकी ज्यांची घरं लागतील तिथं थांबायचं, ओवाळायचं, नेहमीसारखं. म्हटलं, आमच्या गल्लीतून काढा. पाटील सर खूष. "मन मोठं आहे मॅडम तुमचं."
मन! अख्खा स्टाफ, ढोल, गल्लीतल्या बायका आणि माझ्या दाराला कुलूप. उभं राहू दे त्यांना तसंच, जशी मी स्टेजखाली राहिले होते.

२५ जाने.
चौकातून नवं कुलूप आणलं. जुनं लहान, लांबून दिसलं नसतं. सासूबाई म्हणाल्या, "चोर फिरतायत का काय?" म्हटलं, यायचेत.

३० जाने.
पाटील सर म्हणाले, "मोठे सर स्वतः बोलले, तुमच्या दारात थांबायचंच. तुम्हाला काहीतरी सांगायचंय, सगळ्यांसमोर."
जेवण गेलं नाही. आता सुचलं? जाता जाता? दोन वर्षं तोंड शिवलं होतं का? एक वाक्य हवं होतं मला, हे काम तुमचं, एवढंच. तेवढ्यावर अजून दहा मॉडेलं केली असती.
नाही. कुलूपच.

३१ जाने.
सासूबाईंना नणंदेकडे पाठवलं. पुढून कुलूप घातलं, मागच्या दारानं आत आले, खिडकी लावून बसले. मिरवणूक दारात थांबली, ढोलवाला काही थांबेना. पाटील सरांनी हाका मारल्या. मग मोठ्या सरांचा आवाज. बोलतायत एवढं कळलं, शब्द एक नाही. उठले. मागच्या दारापर्यंत गेले, किल्ली हातात. परत येऊन बसले.
गेले सगळे. जिरवली एकदाची. बरं वाटायला हवं होतं.

२ फेब्रु.
सर आपल्या गळ्यातला हार कुलपाला अडकवून गेलेत.
शाळेत पाटील सरांना विचारलं, काय म्हणाले? "ढोल कानाशीच होता मॅडम. डोळे पुसत होते, एवढं दिसलं. तुम्हीच विचारा ना, घरीच असतात आता." विचारायचं म्हणजे मी त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. फोन लावला, रिंग जायच्या आत कापला.
माफी मागितली असेल तर चारचौघांत मागायला हवी होती. मागितली असेल तर चारचौघांतच मागितली. आणि मी आत.
की तेव्हाही वर्षाचंच कौतुक केलं? त्यांचा काय भरवसा.

५ फेब्रु.
सासूबाई म्हणतात, हार सुकला, काढ तो, पुढचं दार उघड आता. मी मागच्या दारानंच शाळेत जाते.